परकीय भांडवल आणि पॅनेलची किल्ली

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात होतो. कारखान्यात परदेशी भागीदार कंपनीचे भांडवल होते, यंत्रे तिच्याच देशातून आलेली होती आणि त्यांतले सर्वांत महागडे यंत्र शॉपफ्लोअरच्या मधोमध काचेच्या खोलीत बसवलेले होते. एके दिवशी दुसऱ्या शिफ्टला ते बंद पडले. कंट्रोल पॅनेलचा दरवाजा आम्हाला उघडता येत होता, पण आतल्या एका राखाडी पेटीला कंपनीचे सील होते आणि प्रोग्रॅमला पासवर्ड होता. ड्रॉइंगच्या जाडजूड फायलीत त्या पेटीच्या जागी नुसता एक चौकोन काढलेला होता. त्यात कोणत्या तारा जातात आणि त्यातून कोणत्या बाहेर येतात एवढेच दाखवलेले होते. भागीदार कंपनीला निरोप गेला आणि तंत्रज्ञ येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्याने आल्यावर आम्हा सगळ्यांना काचेच्या खोलीबाहेर थांबायला सांगितले, सील काढले, एक कार्ड बदलले, लॅपटॉप जोडून काही वेळ काम केले आणि पाऊण तासात यंत्र सुरू झाले. अकरा दिवसांचा तोटा आमच्या कारखान्याने सोसला. तंत्रज्ञाचे विमानभाडे, मुक्काम आणि दिवसाच्या हिशेबाने आकारलेली फीसुद्धा आमच्याच खात्यावर पडली. नादुरुस्त झालेले जुने कार्ड तो जाताना सोबत घेऊन गेला.

ते कार्ड तो घेऊन गेला, ही गोष्ट मला आजही सलते. कारखाना आमच्या देशात होता, कामगार आमचे होते, वीज आणि पाणी आमचे होते, कागदोपत्री भागभांडवलाचा मोठा वाटाही देशातल्याच लोकांचा होता. तरीही यंत्र का थांबले हे समजून घेण्याची मुभा आम्हाला नव्हती. पुढे विकसनशील देशांतील परकीय गुंतवणुकीविषयी जे जे वाचत गेलो ते या एका प्रसंगाच्या कसोटीवर घासून पाहण्याची मला सवय लागली. गुंतवणूक किती आली, यापेक्षा ती आल्यावर त्या देशातल्या माणसांना काय करता येऊ लागले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि या विषयावरच्या बहुतेक चर्चेत नेमका तोच मागे पडतो, असे माझे मत आहे.

हा वाद आपल्याकडे मुळीच नवा नाही. एकोणिसाव्या शतकात भारतात रेल्वे आली ती बहुतांशी ब्रिटिश भांडवलावर. १८४९ सालच्या करारांपासून सरकारने रेल्वे कंपन्यांना जमीन विनामूल्य दिली आणि त्यांच्या भांडवलावर पाच टक्क्यांच्या आसपास परताव्याची हमी दिली. रेल्वेला नफा झाला नाही, तर तूट भारताच्या महसुलातून, म्हणजे अखेर इथल्या शेतसाऱ्यातून भरून दिली जाई. विल्यम मॅसी हे भारत सरकारचे माजी अर्थमंत्री. त्यांनी १८७२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले, की पाच टक्क्यांची हमी असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला जातो की त्याच्या विटा आणि चुना होतो, याच्याशी इंग्रज भांडवलदाराला काही देणेघेणे नव्हते. जोखीम एकाची आणि नफा दुसऱ्याचा, अशी ही रचना होती. गुंतवणूकदाराला आपले पैसे जपून खर्च करण्याचे कारणच उरले नव्हते.

पण रेल्वेच्या प्रकरणात मला हमीपेक्षाही अधिक खटकते ती इंजिनांची गोष्ट. अजमेरच्या रेल्वे कारखान्यात १८९५ साली आणि जमालपूरच्या कारखान्यात १८९९ साली वाफेची इंजिने तयार झालेली होती. म्हणजे इंजिन बांधण्याचे काम इथल्या कारागिरांच्या हातांना जमते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. तरीही पुढची अनेक दशके हजारो इंजिने ब्रिटनमधून येत राहिली आणि मोठ्या प्रमाणावर इंजिने बांधणारा चित्तरंजनचा कारखाना स्वातंत्र्यानंतर, १९५० साली सुरू झाला. जर्मनी, अमेरिका आणि जपान या देशांत रेल्वे आली तेव्हा तिच्यामागोमाग पोलादाचे, यंत्रांचे आणि अभियांत्रिकी शिक्षणाचे जाळे उभे राहिले. आपल्याकडे रूळ आले, गाड्या आल्या, पण त्यांच्यामागून जे यायला हवे होते ते दुसऱ्या देशात वाढत राहिले.

दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या बहिर्गमनाचा, म्हणजे दरवर्षी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या पैशाचा हिशेब आयुष्यभर मांडला. न्यायमूर्ती रानडे यांना हा हिशेब ठाऊक होता, परंतु १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत बोलताना त्यांनी वेगळा सूर लावला. बाहेर जाणाऱ्या या पैशातला, म्हणजे लोक ज्याला खंडणी म्हणत त्यातला काही भाग म्हणजे आपल्याला मिळालेल्या भांडवलावरचे व्याज आहे, कमी व्याजाने पैसा मिळतो ही तक्रार करण्याची बाब नाही आणि हा बोजा आहे म्हणून आपण काहीच करू शकत नाही असे मानून हातावर हात ठेवून बसणे योग्य नाही, अशा आशयाचे ते बोलले. पुष्कळ वर्षे मला रानड्यांची ही भूमिका मवाळ, किंबहुना अतिमवाळ वाटत असे. आता तसे वाटत नाही. पैसा बाहेर जातो हे दादाभाईंनी दाखवले. रानड्यांचा रोख, आत आलेल्या पैशाचे आपण काय करतो, यावर होता. दोन्ही प्रश्न एकत्र विचारले नाहीत तर परकीय भांडवलाचा विचार एका बाजूला कलतो, आणि विकसनशील देशांच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात तो अनेकदा तसा कललेला आहे.

घानाचे उदाहरण या दृष्टीने मी पुनःपुन्हा तपासतो. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या या देशाकडे कोको होता, सोने होते, बॉक्साइटचे साठे होते आणि व्होल्टा ही मोठी नदी होती. पंतप्रधान आणि नंतरचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे स्वप्न सुसंगत होते : व्होल्टा नदीवर धरण बांधायचे, त्याच्या विजेवर ॲल्युमिनियमचा कारखाना चालवायचा, त्याला देशातलेच बॉक्साइट पुरवायचे आणि या साखळीतून घानाला उद्योगप्रधान राष्ट्र बनवायचे. ॲल्युमिनियमच्या धंद्यात ही साखळी तीन कड्यांची असते. बॉक्साइट हे खनिज. ते शुद्ध करून मिळणारी पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिना. आणि त्या भुकटीतून प्रचंड वीज वापरून वेगळा केलेला धातू म्हणजे ॲल्युमिनियम. पहिली कडी खाणीची आणि तिसरी विजेची. मधली कडी, म्हणजे शुद्धीकरणाचा कारखाना, उभी राहिली तरच देशातले खनिज आणि देशातली वीज एकमेकांना भेटतात.

धरणासाठी जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडून कर्ज मिळाले, तर जवळजवळ निम्मा खर्च घानाने कोकोच्या कमाईतून जमवलेल्या स्वतःच्या गंगाजळीतून केला. परंतु एवढी वीज विकत घेणारे मोठे गिऱ्हाईक असल्याशिवाय कर्ज मिळणार नव्हते आणि ते गिऱ्हाईक म्हणजे व्हाल्को ही कंपनी, जिच्यात अमेरिकेच्या कैसर कंपनीचा ९० टक्के आणि रेनॉल्ड्सचा १० टक्के वाटा होता. वाटाघाटीच्या टेबलावर कोणाची बाजू भक्कम होती हे इथेच ठरून गेले. १९६२ सालच्या करारानुसार व्हाल्कोला वीज मिळणार होती ती प्रतियुनिट साधारण पाव अमेरिकी सेंटने, आणि हा दर तीस वर्षांसाठी बांधून दिला गेला. कंपनीला दीर्घ मुदतीच्या करसवलती मिळाल्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मधली कडी करारात बांधली गेलीच नाही. घानाचे बॉक्साइट वापरण्याची सक्ती कंपनीवर राहिली नाही. कैसर कंपनी आपल्याच परदेशातील कारखान्यांतली ॲल्युमिना जहाजांनी घानात आणे, घानाच्या विजेवर तिचा धातू करी आणि तो धातू पुन्हा जहाजांनी बाहेर नेई. त्याच काळात घानातल्या अवासो इथल्या खाणीतले कच्चे बॉक्साइट दुसऱ्या जहाजांतून युरोपच्या दिशेने निघत असे.

व्होल्टावरच्या या धरणाचे, आकोसोंबोचे, उद्घाटन जानेवारी १९६६ मध्ये झाले आणि पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, लष्करी उठाव होऊन एन्क्रुमा सत्तेवरून गेले. धरणामागे तयार झालेला जलाशय सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा. मनुष्यनिर्मित जलाशयांत विस्ताराने जगात अग्रभागी असणारा. त्याच्या पाण्याखाली शेकडो गावे गेली आणि सुमारे ८० हजार माणसांना उठावे लागले. ज्या नदीने त्यांची गावे घेतली तिची वीज निम्म्याहून अधिक एका कारखान्याला जात होती आणि पुनर्वसनाच्या अनेक वसाहतींत मात्र वर्षानुवर्षे दिवे लागले नव्हते. हे वाचताना मला ती काचेची खोली आठवते. नदी त्यांची, धरणावर पैसाही निम्मा त्यांचा, आणि तरी उजेडाच्या बाबतीत माणसे बाहेर उभी.

या करारात घानाला फसवले गेले, असे म्हणून विषय संपवणे मला पटत नाही. करार करणाऱ्यांना देशाचे हित कळत होते. त्यांच्यापाशी पर्यायांची उणीव होती आणि ॲल्युमिनियमच्या जागतिक धंद्याचे आतले ज्ञानही पुरेसे नव्हते. हे अनुमान मी १९८०च्या दशकात जे घडले त्यावरून काढतो. १९८३ आणि १९८४ मध्ये दुष्काळामुळे जलाशय इतका आटला की व्हाल्कोचा कारखाना बंद ठेवावा लागला. त्याच सुमारास घानाने आपल्या वकिलांचे, अभियंत्यांचे आणि अर्थशास्त्रज्ञांचे पथक तयार केले. इतर देशांत ॲल्युमिनियम कारखाने विजेला किती दर देतात याचा अभ्यास केला, कंपनीचे हिशेब तपासले आणि १९८५ साली नवा करार करून विजेचा दर बराच वाढवून घेतला. नदी तीच होती, कंपनीही तीच होती. वीस वर्षांत बदल झाला होता तो टेबलाच्या एका बाजूला बसलेल्या माणसांच्या माहितीत.

झांबियाच्या तांब्याची कथा याहून कडवट आहे, कारण तिथे राष्ट्रीयीकरण आणि खाजगीकरण हे दोन्ही प्रयोग झाले आणि दोन्हींनी निराशा केली. अध्यक्ष केनेथ काउंडा यांनी १९६९ साली खाणींचा ५१ टक्के वाटा सरकारकडे घेण्याची घोषणा केली. वाटा आला, पण खाणी चालवण्याचे आणि तांबे विकण्याचे करार सुरुवातीला जुन्याच कंपन्यांकडे राहिले. नंतर सरकारने कारभार ताब्यात घेतला तोवर १९७०च्या दशकाच्या मध्यावर तांब्याचे भाव कोसळले, देश कर्जात रुतला आणि खाणींत नवी यंत्रे घालायला पैसा उरला नाही. अखेर १९९७ ते २००० या काळात, भाव पडलेले असताना आणि कर्ज देणाऱ्या संस्थांचा दबाव असताना, खाणी विकाव्या लागल्या. नव्या मालकांशी झालेल्या करारांत रॉयल्टीचा, म्हणजे काढलेल्या खनिजाबद्दल सरकारला द्यायच्या रकमेचा, दर अवघा ०.६ टक्के ठेवला गेला आणि पुढची पंधरा-वीस वर्षे करांत बदल होणार नाही अशी हमी दिली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत तांब्याचा भाव दोन हजार डॉलरच्या खालून चढत २००६ मध्ये टनाला आठ हजार डॉलरच्या पुढे गेला. जमिनीखालची संपत्ती झांबियाची, भाववाढ साऱ्या जगाला दिसणारी, आणि सरकारच्या तिजोरीत त्या मानाने फार थोडी भर. २००८ साली कायदा करून सरकारने ते करार बाजूला सारले.

असे करार बाजूला सारणे प्रत्येक देशाला परवडत नाही. दोन देशांतील गुंतवणूक संरक्षण करारांमुळे परदेशी कंपनी यजमान देशाच्या न्यायालयात न जाता थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते. पाकिस्तानात बलुचिस्तानमधल्या रेको डिक इथल्या तांबे-सोन्याच्या साठ्याचा खाण परवाना प्रांतिक सरकारने २०११ साली नाकारला. त्यावर जुलै २०१९ मध्ये लवादाने पाकिस्तानला सुमारे ५.८ अब्ज डॉलर भरण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सव्वातीन वर्षांसाठी मंजूर केलेले कर्ज ६ अब्ज डॉलरचे होते. परवाना नाकारण्यात सरकारचे चुकले की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. मात्र ज्या खाणीतून अजून काही निघालेलेच नव्हते तिच्या भावी नफ्याचा अंदाज बांधून एका गरीब देशावर एवढी रक्कम बसवता येते, ही व्यवस्था न्याय्य आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गुंतवणूकदाराला संरक्षण हवे हे मान्य, पण पिण्याच्या पाण्यासाठी, शेतीसाठी किंवा आरोग्यासाठी नियम बदलण्याचा लोकांचा अधिकारही तितकाच संरक्षण मागणारा आहे.

आतापर्यंत मी कारखाने, धरणे आणि खाणी यांत गुंतलेल्या पैशाविषयी बोललो. शेअर आणि रोखे यांत येणारा पैसा याहून चंचल असतो. तो बटण दाबून येतो आणि बटण दाबूनच जातो. जुलै १९९७ मध्ये थायलंडच्या बाहत या चलनाची घसरण सुरू झाली तेव्हा काही महिन्यांत आग्नेय आशियातल्या अनेक देशांतून असा पैसा निघून गेला, आणि आदल्या वर्षापर्यंत ज्यांच्या प्रगतीचे गोडवे गायले जात होते त्या देशांत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवल बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. त्या वेळी त्यावर जोरदार टीका झाली, पण मलेशिया बुडाला नाही.

या साऱ्यावरून कोणी म्हणेल, की दारेच लावून घ्यावीत. स्वावलंबनाचा हा अर्थ मला मान्य नाही, आणि तो मान्य नसण्याचे कारण अनुभवाचे आहे. दार लावून घेतल्याने क्षमता आपोआप वाढत नाही. भारताने परवाने, कोटे आणि उंच आयातकर यांच्या आडोशाने उद्योग वाढवले. त्यातून पोलाद, अवजड यंत्रे, औषधनिर्मिती आणि अवकाशविज्ञान यांचा पाया घातला गेला, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्याच आडोशात अनेक कारखान्यांनी दशकानुदशके तेच मॉडेल, तीच गुणवत्ता आणि तीच प्रतीक्षायादी चालू ठेवली. ग्राहकाला पर्याय नव्हता आणि परवाना मिळाला की धंदा पक्का होता. निर्यात पुरेशी वाढली नाही, तेल मात्र बाहेरूनच घ्यावे लागत होते. १९९१ साली परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी तारण ठेवायला पाठवावे लागले. चाळीस वर्षे स्वावलंबनाचा उच्चार केलेल्या देशावर ही वेळ आली. जो उद्योग जगाच्या बाजारात उभा राहू शकत नाही तो देशाला परकीय चलन मिळवून देत नाही, आणि परकीय चलन नसलेला देश सावकाराच्या दारात उभा राहतो. अशा वेळी स्वावलंबन कागदावर राहते.

मग तिसरी वाट कोणती, याचे उत्तर शोधताना दक्षिण कोरियाच्या पोहांग पोलाद कारखान्याकडे मी वळतो. १९६०च्या दशकात कोरियाचे दरडोई उत्पन्न अनेक आफ्रिकी देशांच्या बरोबरीचे होते. त्या देशाला पोलादाचा एकात्मिक, म्हणजे खनिजापासून पोलादापर्यंत सगळे एकाच ठिकाणी करणारा, कारखाना हवा होता. पाश्चात्त्य कंपन्यांचा एक गट त्यासाठी जमवण्यात आला. जागतिक बँकेने मात्र हा प्रकल्प व्यवहार्य नसल्याचे मत दिले आणि १९६९ पर्यंत कर्जाची आशा संपली. तेव्हा १९६५च्या करारानुसार जपानकडून मिळणाऱ्या ३० कोटी डॉलरच्या अनुदानातला आणि २० कोटी डॉलरच्या कर्जातला काही भाग या कारखान्याकडे वळवण्याचे ठरले. तंत्रज्ञानही जपानी कंपन्यांचे घेतले गेले. इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे : पैसा परका होता, यंत्रे परकी होती, शिकवणारेही परकेच होते. कारखान्याची मालकी आणि निर्णय मात्र कोरियन होते, आणि पहिल्या दिवसापासून शेकडो कर्मचाऱ्यांना जपानमध्ये शिकायला पाठवले गेले. जून १९७३ मध्ये भट्टीतून पहिले लोखंड बाहेर आले, तेव्हा कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे १० लाख टनांची होती.

कारखान्याचे प्रमुख पार्क ते-जून यांच्याविषयीचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९७७ साली विस्ताराचे काम चालू असताना एका इमारतीच्या पायाचे काँक्रीट सदोष असल्याचे त्यांच्या लक्षात आले. काम सुमारे ८० टक्के झालेले होते. त्यांनी सगळ्यांच्या देखत तो पाया सुरुंगाने उडवून द्यायला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला सांगितले. संरक्षित उद्योगाने स्वतःवर घातलेली ही शिस्त मला आयातकरापेक्षा मोलाची वाटते. पुढे जपानी कंपन्या नवे तंत्रज्ञान द्यायला कचरू लागल्या, कारण शिष्य आता बाजारात स्पर्धक झाला होता. तोवर कोरियन अभियंत्यांना आपला पुढचा कारखाना, ग्वांगयांगचा, आखण्याइतके ज्ञान आलेले होते. १९८६ साली कंपनीने पोहांगमध्येच विज्ञान-तंत्रज्ञानाचे विद्यापीठ उभारले.

या यशाची किंमत लपवून ठेवू नये. ते दिवस लष्करी हुकूमशाहीचे होते, कामगार संघटना दडपल्या जात होत्या आणि जपानच्या ज्या पैशावर कारखाना उभा राहिला तो कोरियावरच्या जपानी वसाहतकाळातल्या अत्याचारांचा हिशेब मिटवण्याच्या नावाने आलेला होता. जपानी कारखान्यांत सक्तीने राबवलेल्या माणसांच्या हाती त्यातले फारच थोडे पडले; त्यांतल्या काहींच्या बाजूने दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो २०१८ साली. म्हणून कोरियाचे अनुकरण करा असे मी म्हणणार नाही. परक्या पैशातून स्वतःची क्षमता उभी करता येते, एवढा पुरावा मात्र त्यातून मिळतो, आणि लोकशाही देशाला ते हुकूमशाहीवाचून करता येणार नाही असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. बोट्स्वानाने स्वातंत्र्यानंतर लोकशाही टिकवून हिऱ्यांच्या खाणींच्या कराराची १९७५ साली फेरमांडणी केली आणि डी बीअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबरच्या भागीदारीतला आपला वाटा १५ वरून ५० टक्क्यांवर नेला; २०१३ मध्ये कच्च्या हिऱ्यांच्या विक्रीचे केंद्रही लंडनहून आपल्या राजधानीत, गॅबोरोनला, आणवले. हिऱ्यांवरचे त्या देशाचे अवलंबन त्यामुळे संपलेले नाही आणि हिऱ्यांचा बाजार मंदावला की त्याचे चटके अजूनही बसतात, पण प्रत्येक फेरीत त्या देशाने काहीतरी आपल्या अंगणात ओढून घेतले आहे.

कोस्टा रिकात १९९८ साली इंटेलचा चिप जोडणीचा कारखाना सुरू झाला तेव्हा एका कंपनीच्या आगमनाने देशाच्या निर्यातीचे आकडेच बदलले. २०१४ मध्ये कंपनीने ते काम आशियात हलवायचे ठरवले आणि सुमारे १,५०० नोकऱ्या गेल्या. देश मात्र कोसळला नाही, कारण मधल्या वर्षांत तंत्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम बदलले होते, इंग्रजी जाणणारे तंत्रज्ञ तयार झाले होते आणि वैद्यकीय उपकरणे बनवणारे कारखाने त्याच मनुष्यबळाच्या भरवशावर तिथे आले होते. मी गुंतवणूक मोजतो ती अशी : ती निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काय शिल्लक राहते, यावर.

आमच्या कारखान्यातल्या त्या यंत्राविषयी थोडे सांगायचे राहिले. आमच्या विभागात सर्वांत जुने फिटर होते, त्यांना सगळे काका म्हणत. तंत्रज्ञ गेल्यावर त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि यंत्र चालू असताना त्या राखाडी पेटीत जाणाऱ्या आणि तिच्यातून येणाऱ्या एकेका तारेवर कोणत्या वेळी किती व्होल्ट असतात याची नोंद मीटर लावून करायला सुरुवात केली. दिवसाला एक-दोन तारा. सात-आठ महिन्यांत वही भरली. पुढच्या वेळी यंत्र थांबले तेव्हा दोष पेटीच्या आत नसून बाहेरच्या एका सेन्सरमध्ये आहे हे त्या वहीवरून तिसऱ्या तासाला कळले आणि परदेशी निरोप पाठवावा लागला नाही. व्यवस्थापनाने त्या वहीची दखल घेतली नाही, काकांची बढती झाली नाही आणि ते निवृत्त झाल्यावर वही कोणत्या कपाटात गेली हे मला शोधूनही सापडले नाही. परदेशी भागीदाराने ज्ञान रोखून धरले याचा मला राग आहे. पण आपल्याच माणसाने मिळवलेले ज्ञान आपणच हरवले याचे दुःख अधिक आहे.

म्हणून एखाद्या नव्या सामंजस्य कराराची बातमी येते, आणि किती हजार कोटी येणार व किती रोजगार निर्माण होणार याचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात, तेव्हा मी इतर तपशील शोधतो. वीज आणि पाणी कोणत्या दराने आणि किती वर्षांसाठी दिले आहे? कच्चा माल देशातल्या कारखान्यांकडून घेण्याची काही अट आहे का? नफ्याबरोबर रॉयल्टी, तांत्रिक शुल्क आणि मूळ कंपनीला दिले जाणारे व्याज या वाटांनी किती पैसा बाहेर जाणार आहे? आराखडा तयार करणाऱ्या चमूत इथले अभियंते किती? वाद झाला तर तो कोणत्या शहरातल्या लवादापुढे जाणार? यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतात, पुष्कळदा विधिमंडळासमोरही ठेवली जात नाहीत, आणि करार गोपनीय असल्याचे कारण दिले जाते. जमीन, पाणी आणि करसवलत ज्यांच्या नावाने दिली जाते त्यांच्यापासूनच करार झाकून ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे.

घानाने २००४ मध्ये व्हाल्कोतला कैसर कंपनीचा ९० टक्के वाटा विकत घेतला आणि २००८ मध्ये उरलेला १० टक्केही घेतला. कारखाना आता संपूर्णपणे त्या देशाच्या मालकीचा आहे, परंतु विजेच्या टंचाईमुळे आणि जुन्या यंत्रांमुळे तो पूर्ण क्षमतेने चालू शकलेला नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करणाऱ्या कारखान्याच्या, म्हणजे त्याच मधल्या कडीच्या योजना पुनःपुन्हा आखल्या गेल्या आणि २०१८ साली त्यासाठी स्वतंत्र सरकारी महामंडळही स्थापन झाले. मालकी मिळून दोन दशके उलटली तरी व्हाल्कोची ॲल्युमिना जहाजानेच येते आणि अवासोचे बॉक्साइट कच्चेच जहाजावर चढते.